नव्वद दिवसांत उकिरड्याचे दैव पालटणारा शास्त्रज्ञ

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव फिरते, असे आपल्याकडे म्हटले जाते. सर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने हा बारा वर्षांचा हिशेब नव्वद दिवसांवर आणला. तोही इंग्लंडमधल्या एखाद्या प्रयोगशाळेत नव्हे, तर होळकरांच्या इंदुरात, माळव्याच्या काळ्या जमिनीवर. पऱ्हाट्या, तुराट्या, तण, पालापाचोळा, गोठ्यातला केरकचरा यांपासून ठरावीक रीतीने, ठरावीक दिवसांत खत करण्याची त्यांची पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगताना हॉवर्ड यांचे नाव आजही अग्रभागी असते. पण त्यांचे काम शेतीइतकेच सार्वजनिक आरोग्याचेही आहे, ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

प्रयोगशाळेतला कोंडमारा

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. लंडन आणि केंब्रिज येथे शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर बुरशीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. उसावर आणि इतर पिकांवर पडणारे रोग अभ्यासायचे आणि मळेवाल्यांना उपाय सांगायचे, हे त्यांचे काम होते.

तिथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. रोगट पान सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सल्ला देता येत होता. पण तो सल्ला स्वतः करून पाहायला त्यांच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती. रुग्णाला कधीही न पाहता केवळ तपासणीच्या अहवालावरून औषध लिहून द्यावे, तसाच हा प्रकार होता. पुढे इंग्लंडमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात हॉप या पिकावर काम करतानाही हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. रोग आला की जंतू शोधायचा आणि मारायचा, एवढे पुरेसे आहे का? की मुळात झाड दुबळे का झाले, हे आधी पाहायला हवे? या प्रश्नानेच त्यांना हिंदुस्थानात आणले.

पुसा येथील पंचाहत्तर एकर

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे नव्याने उभ्या राहिलेल्या कृषी संशोधन संस्थेत हॉवर्ड सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून दाखल झाले. इथे त्यांना हवी होती ती गोष्ट मिळाली, सुमारे पंचाहत्तर एकर जमीन. त्याच वर्षी त्यांचा गॅब्रिएल मथाई यांच्याशी विवाह झाला. गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजच्या नामवंत संशोधक होत्या. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, त्या प्रक्रियेवर तापमानाचा काय परिणाम होतो, यावर त्यांनी फ्रेडरिक ब्लॅकमन यांच्याबरोबर केलेले काम वनस्पतिशास्त्रात महत्त्वाचे मानले जाते. पुढची पंचवीस वर्षे हॉवर्ड यांचे जवळजवळ प्रत्येक काम या दोघांचे मिळून झाले. १९१३ मध्ये गॅब्रिएल यांचीही सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रीतसर नेमणूक झाली. त्या काळी बाईमाणसाला असे पद मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती.

दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती काढल्या. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ या जातींनी मोठे नाव मिळवले. भारतातील गव्हावरचे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले. हॉवर्ड यांच्या लक्षात मात्र आणखी एक गोष्ट येत होती. पुशाच्या आसपासचे शेतकरी विकतचे खत वापरत नव्हते, फवारणी करत नव्हते, तरी त्यांची पिके बऱ्यापैकी निरोगी होती. मग हॉवर्ड त्यांच्याकडूनच शिकू लागले. शेतकरी आणि पिकांवरची कीड हे आपले दोन गुरू आहेत, अशी त्यांची धारणा झाली. कीड आली म्हणजे आपल्या मशागतीत काहीतरी चुकले आहे, असे ते समजू लागले.

चांगले बी शेतात पडले तरी माती भुकेली असेल तर त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही, हेही त्यांना दिसत होते. मातीला खायला घालायचे तर शेणखत हवे आणि शेणाच्या तर गोवऱ्या होऊन चुलीत जात होत्या. दुसरीकडे पिकांचे अवशेष शेतातच पडून राहत किंवा जाळले जात. एका बाजूला टंचाई, दुसऱ्या बाजूला नासाडी, असा हा तिढा होता.

पुसा येथे तो सुटणे कठीण होते. वनस्पतिशास्त्र, रसायन, बुरशी, कीटक असे संस्थेचे वेगवेगळे विभाग होते आणि प्रत्येक जण आपल्या कुंपणात काम करत होता. माती, पीक, जनावर आणि त्यांची घाण हा सगळा एकच विषय आहे, असे मानणाऱ्या माणसाला त्या व्यवस्थेत जागा नव्हती.

होळकरांच्या इंदुरात

१९२४ मध्ये इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था सुरू झाली. पैशाची मदत प्रामुख्याने कापूस समितीची होती. होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने दिली. हॉवर्ड या संस्थेचे संचालक झाले. इथे त्यांच्या मनासारखे काम सुरू झाले.

त्यांच्या सहकाऱ्यांमध्ये यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ होते. खड्ड्यात काय भरले, किती ओल होती, उष्णता किती चढली, नत्र किती उरले, ही मोजदाद या कामाचा कणा होती. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यावर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड अशी दोन नावे आहेत. इंदूर पद्धत म्हटले की हॉवर्ड आठवतात. वाड यांचे नाव महाराष्ट्रातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

पद्धतीची मूळ कल्पना हॉवर्ड यांनी हवेतून आणलेली नव्हती. चीनमधील शेतकरी शेकडो वर्षे काडीकचरा आणि मैला कुजवून शेतात घालत आले होते. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याचे तपशीलवार वर्णन केले होते. त्या जुन्या शहाणपणाला हॉवर्ड आणि वाड यांनी मापे दिली. वाडवडिलांच्या अंदाजाने होणारे काम कोणत्याही गावात, कोणालाही तसेच्या तसे करता येईल, अशा स्वरूपात आणले.

खड्ड्यात काय घडते?

खड्डा साधारण तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल. जास्त खोल का नाही? कारण ढिगात हवा वरून दीड-दोन फुटांपर्यंतच नीट पोहोचते. म्हणून पहारेने ढिगात उभी भोकेही पाडली जात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, तेव्हा हाच ढीग जमिनीवर रचायचा.

पऱ्हाट्या आणि तुराट्या लवकर कुजत नाहीत. हॉवर्ड यांनी त्या गाडीवाटेवर पसरायला लावल्या. बैलगाड्यांची चाके आणि खूर यांखाली त्यांचा चुरा होई. मग हा चुरा, तण, पाचट, पाने असा सगळा मिश्र काडीकचरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. रोज सकाळी शेण-मुतात भिजलेले ते अंथरूण उचलून खड्ड्यात थर द्यायचा. त्यावर गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख भुरभुरायची. शेण पाण्यात कालवून शिंपडायचे आणि त्याबरोबर आधीच्या खड्ड्यातले बुरशी धरलेले थोडे खत मिसळायचे. दुधाला विरजण लावावे तसेच हे. विरजण थोडेच लागते, त्यामुळे गोवऱ्यांना शेण गेले तरी उरलेल्या शेणात कितीतरी अधिक खत होऊ लागले.

पुढचे काम सूक्ष्मजीवांचे. त्यांना चार गोष्टी लागतात: कर्ब, नत्र, पाणी आणि हवा. काडीकचऱ्यात कर्ब भरपूर, नत्र कमी. शेण-मुतात नत्र अधिक. सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण ३३ ला १ च्या आसपास ठेवले तर काम उत्तम चालते, असे इंदूरला आढळले. नत्र कमी पडले तर ढीग थंड पडून राहतो. फार झाले तर ते अमोनिया होऊन उडून जाते आणि नाकाला झोंबते. राखेमुळे आंबटपणा आटोक्यात राहतो. पाणी फार झाले तर हवा कोंडते आणि कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. ढिगाला घाण वास आला की हवा कमी पडली, असे खुशाल समजावे.

सगळे नीट जमले तर ढीग तापतो. आतले तापमान सुमारे ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. प्रथम पांढरी बुरशी काडीकचऱ्याचे कठीण धागे फोडते, मग जिवाणू ताबा घेतात. दोन आठवड्यांच्या सुमारास पहिली पालट, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. प्रत्येक वेळी बाहेरचे आत आणि आतले बाहेर करायचे. नव्वद दिवसांनी काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत हाती येते. चाळीस बैल असलेल्या इंदूरच्या शेतावर वर्षाला सुमारे हजार गाड्या खत होऊ लागले. यंत्र नाही, वीज नाही, विकत आणलेली एकही वस्तू नाही.

खताकडून स्वच्छतेकडे

या ६५ अंशांत आरोग्याचे मर्म आहे. उघडा उकिरडा म्हणजे माश्यांचे माहेरघर. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून नवी माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हीच माशी घाणीवरून उठून ताटावर बसते आणि हगवण, विषमज्वर, कॉलरा पसरवायला हातभार लावते. ढीग तापला आणि वेळेवर पालटला की काठावरच्या थंड भागातली माश्यांची अंडी आणि अळ्या आत जाऊन मरतात. रोगजंतू आणि जंतांची अंडी यांनाही ही उष्णता सोसत नाही. त्यांत जंताचे अंडे सर्वांत चिवट. मातीत ते कित्येक महिने तग धरते. पण ५५ अंशांहून अधिक तापमान काही दिवस टिकले तर तेही निकामी होते. पालट म्हणजे नुसती मेहनत नव्हे. ढिगाचा प्रत्येक भाग आळीपाळीने त्या उष्णतेतून काढण्याची ती युक्ती आहे.

हॉवर्ड गेल्यानंतर इंदूरच्या संस्थेने हा धागा पुढे नेला. १९३४ मध्ये एफ. के. जॅक्सन आणि यशवंत वाड यांनी वस्तीतला केर आणि मैला इंदूर पद्धतीने निर्धोक करून शेतीला वापरण्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या महात्मा गांधींनी ही संस्था पाहिली. गावाची स्वच्छता आणि शेताचे खत हे एकच काम आहे, हा विचार त्यांच्या ग्रामसफाईशी जुळणाराच होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरी केर आणि मैल्यासाठी वेगळी, पालट न लागणारी पद्धत विकसित केली. तिला पुढे ‘बंगलोर पद्धत’ म्हणू लागले.

सन्मान आणि वाद

इंदूरचे काम फळाला येत असतानाच, ऑगस्ट १९३० मध्ये गॅब्रिएल यांचे जिनिव्हा येथे निधन झाले. १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. पुढे त्यांनी गॅब्रिएल यांची बहीण लुईस यांच्याशी विवाह केला. हॉवर्ड यांच्या भारतातील कामाची हकिकत पुढे लुईस यांनीच पुस्तकरूपाने लिहिली. १९३४ मध्ये हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला. केनियातील कॉफीचे मळे, हिमालयाच्या पायथ्याचे चहाचे मळे अशा ठिकाणी इंदूर पद्धत पोहोचली. १९४० मध्ये त्यांचे ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हे पुस्तक आले. ते त्यांनी दिवंगत गॅब्रिएल यांना अर्पण केले. या पुस्तकाने सेंद्रिय शेतीच्या चळवळीला पाया दिला.

याच काळात त्यांचे दावेही मोठे होत गेले. निरोगी मातीतून निरोगी पीक, त्यातून निरोगी जनावर आणि निरोगी माणूस, अशी साखळी त्यांनी मांडली. पुशाला असताना त्यांचे बैल लाळ्या खुरकूत झालेल्या शेजारच्या जनावरांशी नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग झाला नाही. कारण ते सकस जमिनीतला चारा खात होते, असे त्यांचे म्हणणे होते. १९३९ मध्ये इंग्लंडच्या चेशर परगण्यातील डॉक्टरांनी आहार आणि आरोग्य यांवर जाहीरनामा काढला, तेव्हा त्यांच्या सभेत दोन जण बोलले. एक हॉवर्ड आणि दुसरे कुन्नूरला आहारावर संशोधन केलेले रॉबर्ट मॅककॅरिसन.

इथे सावधपणे वाचायला हवे. मॅककॅरिसन यांनी उंदरांना वेगवेगळे आहार देऊन तुलना केली होती. हॉवर्ड यांच्या बैलांच्या बाबतीत अशी तुलना नव्हती. त्या बैलांना पूर्वी सौम्य रोग होऊन प्रतिकारशक्ती आलेली असू शकते, विषाणू पुरेशा प्रमाणात पोहोचला नसेल किंवा तो निव्वळ योगायोगही असेल. सकस चाऱ्याने जनावर सुदृढ राहते हे खरे. पण लाळ्या खुरकूतला आजही लसच लागते. कंपोस्टवर पिकवलेले अन्न खाल्ले म्हणून माणसाला अमुक रोग होत नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. रासायनिक खतांना हॉवर्ड यांनी केलेला सरसकट विरोधही त्यांच्या काळातल्या अनेक शास्त्रज्ञांना पटला नाही. कंपोस्टमध्ये नत्र शेकड्याला जेमतेम एक भाग किंवा त्याहून कमी असते. म्हणून सेंद्रिय खताने मातीचा पोत राखावा आणि उरलेली गरज माती तपासून, मोजक्या रासायनिक खताने भागवावी, असा सल्ला आज कृषिशास्त्रज्ञ देतात.

मात्र जे त्यांनी मोजून दाखवले, ते टिकले. सेंद्रिय पदार्थांनी माती पाणी धरून ठेवते, तिच्यातले जीव वाढतात, धूप कमी होते, याबद्दल आता वाद नाही. चांगल्या संशोधकाचे मोजमाप आणि त्याची श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली स्वीकारताना दुसरीही डोळे मिटून स्वीकारायची गरज नसते.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे लंडनजवळ ब्लॅकहीथ येथे निधन झाले. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

इंदूर पद्धत आज

इंदुरात जिथे त्यांची संस्था होती, तिथे आज कृषी महाविद्यालय आहे. हेच शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे पहिले आले. २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करून गॅस आणि खत देणारा प्रकल्प सुरू झाला. त्याचे तंत्र हॉवर्ड यांच्या खड्ड्याच्या उलट, हवा बंद ठेवण्याचे आहे. कचरा मुळातच वेगळा करायचा आणि त्याचे पुढे काय करायचे ते आधी ठरवायचे, हे सूत्र मात्र तेच.

आता महाराष्ट्रातल्या अनेक गृहसंस्थांच्या आवारातही कंपोस्टचे हौद दिसतात. त्यांतले बरेचसे काही महिन्यांत वासामुळे आणि चिलटांमुळे बंद पडतात. दोष बहुधा पद्धतीचा नसतो. ओल्या कचऱ्याला वाळल्या पाल्याची जोड मिळत नाही आणि पालट होत नाही. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा यांवर प्रत्येक वेळी सुक्या पाल्याचा किंवा भुशाचा थर हवा. मूठभर मिश्रण दाबले तर पिळलेल्या फडक्याइतकी ओल लागावी, पाणी ठिबकू नये. घरचा लहान हौद इंदूरच्या खड्ड्याइतका तापत नाही. म्हणून त्यात कुत्र्या-मांजरांची विष्ठा, डायपर, मलमपट्टी, औषधे कधीच टाकू नयेत आणि खत पूर्ण पिकल्याशिवाय पालेभाजीला घालू नये. ढीग पालटताना बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. दमा असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे; इतरांनीही मास्क आणि हातमोजे वापरावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. माती-शेणात रोज हात घालणाऱ्याने धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

कचरा आपोआप खत होत नाही, तो नुसता सडतो. त्याचे खत करायला प्रमाण, हवा, ओल, उष्णता आणि पालट लागते. हॉवर्ड, गॅब्रिएल, वाड आणि ज्यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत असे गोठ्यातले गडी यांनी इंदुरात हेच रोज सकाळी करून दाखवले. उकिरड्याचे दैव नव्वद दिवसांत फिरते. फक्त मधल्या तीन पालटी कोणीतरी वेळेवर कराव्या लागतात.